आईच्या मडक्यातली राख

आई पाड्यावरून निघाली तेव्हा तिच्यासोबत कपड्यांचं एक गाठोडं आणि एक काळं मडकं होतं. पौषातली सकाळ होती. दादा-वहिनी दिवाळी झाल्या झाल्या भिवंडीकडे वीटभट्टीवर गेले होते, पाड्यातली निम्मी दारं बंद होती, आणि आईला दोन पावलं चाललं की धाप लागत होती. मी नाशिकला सरकारी दवाखान्यात नर्स. रजा टाकून तिला न्यायला आले होते. शेजारची धाकलीकाकी तेवढी निरोपाला उभी होती. आईने दाराला कडी घातली, वर काटेरी फांदी टेकवली आणि मडकं उचललं. मी म्हटलं, हे कशाला? ती म्हणाली, घर बंद, उंदीर काही ठेवायचे नाहीत.

सूर्यमाळहून खोडाळ्यापर्यंत जीप, पुढे नाशिकची एसटी. सगळ्या वाटेत मडकं तिच्या मांडीवर. त्याचं तोंड शेणाने लिंपून बंद केलेलं होतं. कंडक्टरने हसून विचारलं, मोहाची आहे का आजी? आई त्याच्याकडे अशी बघत राहिली की त्याने तिकिटं मुकाट्याने फाडली. मला मात्र लाज वाटली. बसमधले लोक बघतात म्हणून लाज वाटली. हे मी आज लिहिते आहे, कारण तुम्ही पाड्यावर मागे राहिलेल्यांनी आणि माझ्यासारख्या निघून गेलेल्यांनी ते वाचावं असं मला वाटतं.

माझ्या घराला गच्ची आहे आणि गच्चीवर माझी बाग. चौदा कुंड्या. निळ्या सिरॅमिकच्या दोन, हंसाच्या आकाराची सिमेंटची एक, कठड्याला अडकवलेल्या लांबट अशा काही. थंडी सरताना पिटुनिया, फ्लॉक्स आणि डायंथस एकदम फुलतात, आणि ड्युटीवरून आल्यावर मी चहाचा कप घेऊन तासभर तिथेच बसते. पाड्यावर फाल्गुनात अख्खा डोंगर पळसाने पेटलेला असायचा, पण त्याच्याकडे बघत बसलेलं माणूस मी पाहिलं नाही. मोहाची फुलं वेचायची, कुड्याची भाजी करायची, की झालं. आईने माझ्या कुंड्या बघितल्या आणि विचारलं, यातलं खातात कुठलं? मी सांगितलं, कुठलंच नाही, बघायला आहेत. तिला ते पटलं नाही, तरी तिने टीका केली नाही. मी नळी लावून झाडांना पाणी घालू लागले की ती आत निघून जायची. दुसऱ्या दिवसापासून तिने स्वतःचं आंघोळीचं पाणी बादलीत साठवलं आणि मला म्हणाली, हे घाल. आमच्याकडे चैत्रात एका हंड्यासाठी दोन डोंगर उतरावे लागतात, तिचं काही चुकत नव्हतं.

मडकं तिने स्वयंपाकघरात सर्वांत वरच्या फळीवर ठेवायला लावलं. एवढंच सांगितलं, "त्यात ओला हात घालू नको." मी हो म्हटलं. म्हातारपणी माणसाला कशाचंही वेड लागतं असं मी मनात म्हटलं आणि कामाला लागले. मडक्यात काय आहे हे विचारायला एक मिनिट पुरलं असतं. तिची ऑक्सिजनची लेव्हल मी दिवसातून चारदा बघत होते, वहीत लिहीत होते. हा प्रश्न काही मी विचारला नाही.

तीन आठवड्यांनी आई गेली, आमच्याच दवाखान्यात, माझी ड्युटी नसताना. दादा-वहिनी भट्टीवरून धावत आले, दहावा झाला, परत गेले. मुकादम जास्त दिवस सोडत नाही. त्या गडबडीत मडक्याचं कुणाला सुचलं नाही.

मला सुचलं, ते माघात, सुट्टीच्या दिवशी. लिंपण फोडलं तर आत राख. वरपर्यंत चुलीची मऊ राख. मला हसू आलं आणि रडूही आलं, की आईने सूर्यमाळची राख नाशिकपर्यंत मांडीवर आणली. राखेत बारीक काळपट कण होते, ते मला जळका कोंडा वाटले. राख झाडांना चांगली असते, म्हणून मी ती चौदाही कुंड्यांमध्ये मूठ मूठ पसरली. आमच्या ह्यांनी ड्रिल मशीनने मडक्याच्या बुडाला तीन भोकं पाडली. त्यात मी जांभळी पिटुनिया लावली. आईची आठवण डोळ्यांसमोर राहील, असं तेव्हा मी म्हटलं होतं.

काही दिवसांत सगळ्या कुंड्यांमध्ये गवत उगवलं. बारीक, कोवळं, दाट. मला राग आला, कारण फुलांचं खत तेच खाणार. तीन रविवार मी खुरपी घेऊन बसले आणि एकेक काडी मुळासकट उपटली. माझा हात या कामात साफ आहे, कुणीही बघून म्हणावं. उपटलेलं घंटागाडीत गेलं. मग फुलं अशी बहरली की मी त्या मडक्याचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला.

दादाचा भट्टीवरून फोन आला. तो म्हणाला, "मडकं चांगलं दिसतंय बाय. नागली कशात काढून ठेवलीस?"

मी विचारलं, कुठली नागली?

 त्याच्या मागे ट्रॅक्टरचा आवाज येत होता. मग म्हणाला, "बरं," आणि फोन ठेवला.

राखेतले ते काळपट कण म्हणजे नागलीचं, नाचणीचं, बी होतं; कीड लागू नये म्हणून आईने ते राखेत ठेवलं होतं. मी सूर्यमाळची आहे आणि मला नागलीचं रोप ओळखता आलं नाही. सहाव्या वर्षी मला आश्रमशाळेत घातलं. शाळा जूनमध्ये उघडायची. उन्हाळ्यात राब भाजताना, म्हणजे रोपांच्या जागेवर पालापाचोळा जाळताना, मी घरी असे, दिवाळीत कणसं खळ्यावर यायची तेव्हा घरी असे, पण मधले महिने, जेव्हा रोप वीतभर होतं आणि बाया ते लावतात, तेव्हा मी खिडकीशी बसून पाढे म्हणत होते. कणीस मला अंधारात हाताने ओळखू येईल. भाकरी तर वासावर. रोप मी कधी बघितलंच नव्हतं. शाळेने मला नर्स केलं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण जे शिकायचं राहिलं ते राहिलं, आणि त्याची किंमत दुसऱ्यांनी मोजली.

त्या दिवशी मी भर उन्हात चौदाही कुंड्या चमच्याने उकरल्या. रोज पाणी घालून घालून उरलेलं बी कुजलं होतं. चार दाणे सापडले. ते वॉर्डातल्यासारखे ओल्या कापसात ठेवले, सकाळ-संध्याकाळ बघत राहिले. एकही उगवला नाही.

ते बी नुसतं आमच्या घरचं नव्हतं. पाड्यावरची सात घरं आईकडूनच बी नेत. वैशाखात बाया सूप घेऊन आमच्या ओसरीवर येत, आई राख पाखडून प्रत्येकीला देई, आणि पीक आलं की आपल्या शेतातली सर्वांत भरदार कणसं आईला आणून देत. खडकाळ वरच्या शेतात, पाऊस दडी मारून बसला तरी, तीच नागली टिकायची. हे सगळं मला वहिनीने नंतर फोनवर सांगितलं. रागावून नाही. म्हणूनच मला जास्त लागलं.

वैशाखात, दादा-वहिनी भट्टीवरून परतल्यावर, मी गेले. दादा म्हणाला, नको येऊस, आम्ही सांगू. पण मीच ओसरीवर बसले. बाया एकेक आल्या आणि प्रत्येकीला मी सगळं सांगितलं. राख, कुंड्या, गवत, घंटागाडी. फुलांचंही सांगितलं, लपवलं नाही. रिकामं सूप परत न्यायचं नसतं म्हणून दादाने खोडाळ्याच्या बाजारातून पाकिटातली नागली आणली होती, ती वहिनी घालत होती. शेवटी धाकलीकाकी आली. तिने ऐकून घेतलं, सुपातलं बी चिमटीत धरून बघितलं, परत टाकलं.

"आमचां बी तुझे आईपाशीच होतां, बाय," ती म्हणाली. "आता कोणापाशी नाय."

मग ती सूप घेऊन उतरणीने घरी गेली. वरच्या शेतात यंदा पाकिटातली नागली पेरली आहे. अजून तरी ती खुरटीच आहे, असं दादा सांगतो.

नाशिकला मी ही गोष्ट दोघी-तिघींना सांगितली. त्या चांगल्या बाया आहेत. म्हणाल्या, इतकं मनाला लावून घेऊ नका सिस्टर, बी काय बाजारात मिळतं. त्यांना मी काय समजावणार? सूर्यमाळला सातही घरांतल्या एकीनेही तसं म्हटलं नाही. काय गेलं ते त्यांना ठाऊक होतं, आणि कुणी घालवलं तेही. त्यांच्यापैकी कुणी माझी समजूत घातली नाही; समजूत परक्याची घालतात. आता कुणी विचारलं की तुमचं घर कुठलं, तर मी सूर्यमाळची ती ओसरी सांगते.