मॉक ड्रिलमधला जखमी

बाबूराव भट्टीपासून थोड्या अंतरावर आडवे पडले होते आणि मी स्टॉपवॉच बघत होतो.

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत मी सेफ्टी ऑफिसर आहे. फाउंड्री म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतायचा कारखाना. त्या दिवशी आमचं मॉक ड्रिल होतं, म्हणजे अपघात झालाय असं धरून केलेली तालीम. जखमी कोण होणार, याच्या चिठ्ठ्या टाकल्या. नाव निघालं क्रेन ऑपरेटर बाबूरावांचं.

बाकी सगळं मी ठरवलेलं. सायरन कधी वाजणार, स्ट्रेचर कुठून येणार, ॲम्ब्युलन्स गेटवर कुठं थांबणार. बाबूरावांनाही सांगितलं होतं, उजवा हात भाजलाय असं दाखवायचं.

सायरन वाजला. बाबूराव खाली बसले, मग आडवे झाले. पण त्यांनी छाती धरली.

"बाबूराव, हात भाजलाय," मी लांबून ओरडलो. "छाती कशाला धरताय?"

सगळे हसले. बाबूरावांनी माझ्याकडं बघत हात थोडा वर केला. मला वाटलं, कळलं म्हणतायत. मी अंगठा दाखवला.

स्ट्रेचर वेळेत आलं. कारखान्याच्या सिस्टरनी खाली वाकून त्यांची नाडी धरली.

"सर, ड्रिल थांबवा. हे खरं आहे."

"सिस्टर, स्ट्रेचर तेवढं गेटपर्यंत जाऊ दे. मी टाइम धरतोय."

हे मी बोललो. सिस्टर माझ्यासाठी थांबल्या नाहीत. ॲम्ब्युलन्सला त्यांनीच हाक मारली. तेव्हा कुठं मी जवळ गेलो. बाबूरावांचा शर्ट घामानं भिजला होता आणि कपाळ गार पडलं होतं.

हार्ट अटॅक होता. ॲम्ब्युलन्स दारातच होती म्हणून वाचले, असं डॉक्टर म्हणाले. दुसऱ्या दिवशी प्लांट हेडनी सगळ्यांना गोळा केलं.

"यांच्या प्लॅनिंगमुळं आपला माणूस वाचला," ते म्हणाले. टाळ्या झाल्या. मी मान खाली घालून उभा राहिलो. लोकांना तो माझा विनय वाटला.

बाबूराव घरी आल्यावर मी मंगळवार पेठेत त्यांना भेटायला गेलो. त्यांच्या बायकोनं हात जोडले. "साहेब, तुमचं ड्रिल नसतं तर काय झालं असतं?"

मला ते ऐकवेना. खरं काय झालं ते मी त्यांना सांगितलं. उत्तर बाबूरावांनी दिलं.

"मला ऐकू येत हुतं की सगळं. हात वर केलता, तर तुम्ही अंगठा दावलासा. मला वाटलं, आता मेलो तरी ह्यास्नी खरं वाटायचं न्हाय."

"चुकलो मी, बाबूराव."

"व्हय. चुकलासा." मग म्हणाले, "चहा घ्या."

घेतला.

या भेटीच्या दुसऱ्या दिवशी, ज्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या त्या सगळ्यांपुढं मी हेच सांगितलं. नियमही बदलला. ड्रिल चालू असताना कुणीही "खरं हाय" म्हटलं, की सगळं जागच्या जागी थांबतं. गेल्या ड्रिलला एकानं चेष्टेतच म्हटलं. काम खोळंबलं, प्लांट हेड माझ्यावर चिडले. मी त्या माणसाला खाली बसवलं, सिस्टरना त्याची नाडी बघायला लावली आणि मगच ड्रिल पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.