अण्णांचा हातगुण आणि चाळीस नंबरचं तेल

आमच्या दुकानात येणारा माणूस तेलाचं नाव नंतर विचारतो, आधी विचारतो, "अण्णा आहेत का?" अण्णा म्हणजे माझे वडील. जन्मभर मनमाडला सरकारी बसच्या डेपोत मेकॅनिक होते. आई गेल्यावर ते नाशिकला माझ्याकडे आले. द्वारका चौकाजवळचं हे इंजिन ऑइलचं दुकान माझं, लायसन्स माझं, कंपनीच्या लोकांशी डोकं लावणारीही मीच. पण गिऱ्हाईक येतं ते अण्णांच्या हातगुणासाठी. इंजिन खोलून नव्यानं बांधलं की त्यात पहिलं तेल अण्णांनी ओतायचं, अशी आमच्याकडच्या ट्रकवाल्यांची आणि बसवाल्यांची रीतच पडून गेली आहे. अण्णांच्या हातून तेल पडलं की इंजिन दगा देत नाही म्हणतात. मला यात काही तथ्य वाटत नाही, पण कोणी बोलावलं की मी त्यांना लगेच रिक्षात बसवून देते. धंदा आहे शेवटी.

गेल्या थंडीत दिंडोरीकडचा एक द्राक्ष बागायतदार दुकानात आला. त्यानं हौसेनं एक जुनी परदेशी बस मिळवली होती, बाग बघायला येणाऱ्या पाहुण्यांना फिरवायला. इंजिन होतं टू-स्ट्रोक डिझेल. टू-स्ट्रोक म्हटलं की आपल्याला जुनी स्कूटर आठवते, पेट्रोलमध्ये तेल मिसळून धूर सोडत जाणारी. बसचं डिझेल इंजिनही टू-स्ट्रोक असतं हे मलासुद्धा नवीन होतं. त्यानं ते सगळं उघडून पुन्हा बांधून घेतलं होतं. सुटे भाग आता कुठंच मिळत नाहीत, म्हणजे परत बिघडलं की बस भंगारात. "अण्णा, कुठलं तेल टाकायचं ते तुम्हीच सांगा," तो म्हणाला, "आणि टाकायलाही तुम्हीच या."

अण्णांनी क्षणभरही विचार केला नाही. "त्यात काय विचारायचं? डिझेल ते डिझेल. पंधरा-चाळीस टाक, मल्टिग्रेड, थंडी-उन्हाळा दोन्हीला चालणारं, चांगल्यातलं. जुनं इंजिन हाय, त्याला लय जपायचं. डोळे झाकून टाक."

दुकानात आणखी गिऱ्हाइकं होती. सगळ्यांनी माना डोलावल्या. मला मात्र राहवेना. बागायतदाराकडून मी इंजिनवरच्या नाव-नंबरच्या पट्टीचा फोटो मागून घेतला आणि तो गेल्यावर तेल कंपनीच्या इंजिनिअरला पाठवला. त्याचा लगेच फोन आला. म्हणाला, "ताई, ह्यात मल्टिग्रेड अजिबात नको. साधं सिंगल ग्रेड, चाळीस नंबर, कमी राखेचं." हवा आत घ्यायला या इंजिनच्या सिलिंडरला बाजूनं भोकं असतात, तिथून थोडं तेल जळतंच. राख जास्त असेल तर ती व्हॉल्व्हवर जमते. आणि मल्टिग्रेड तिथल्या उष्णतेत पातळ पडतं, मग पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरचं आतलं अस्तर घासून जातं.

मला अण्णांची लाज वाटली. सरळच सांगते. जे इंजिन जन्मात उघडलं नाही, त्याच्याबद्दल चारचौघांत एवढं ठासून बोलायचं? माहीत नाही म्हणायला जीभ झडते का? ते समोर स्टुलावर बसून एका ड्रायव्हरला त्याच्या गाडीचं काय करायचं ते समजावत होते आणि तो हात जोडल्यासारखा ऐकत होता. मला तिथं उभं राहवेना. आत जाऊन मी तोंड वाकडं करून हिशेब मांडत होते, की यांना खरं सांगितलं तर रुसतील, अबोला धरतील, वर गिऱ्हाइकांत बोभाटा होईल. तेलाचं दुकान आणि अण्णांनाच तेल कळत नाही, असं पसरायला कितीसा वेळ लागतो?

म्हणून मी गुपचूप एक उद्योग केला. मागच्या खोलीत मल्टिग्रेडची एक रिकामी बादली होती. ती स्वच्छ पुसून मी त्यात चाळीस नंबरचं तेल भरलं, झाकण ठोकून बसवलं आणि बागायतदाराकडे पाठवून दिली. अण्णांचा शब्द राहिला, इंजिनही वाचलं. माझ्या हुशारीवर मी फार खूश होते.

तेल ओतायच्या दिवशी सकाळी मीच त्यांना गाडीतून घेऊन गेले. दिंडोरीच्या बाजूला कडाका होता, बोटं वळत नव्हती. अण्णांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, वर माझ्या नवऱ्याचं स्वेटर. बसला झेंडूच्या माळा घातल्या होत्या, नारळ फुटला. बसचा ड्रायव्हर नरसाळं धरून उभा होता. त्याची बायको आरतीचं ताट घेऊन बाजूला. अण्णांनी बादलीतून मगात तेल घेतलं, देवाचं नाव घेतलं आणि तो नरसाळ्यावर वाकडा केला.

तेल काकवीसारखं सावकाश उतरलं. अण्णा थांबले. त्यांनी बोट बुडवलं, अंगठ्यावर घासून बघितलं.

"हे पंधरा-चाळीस नाय," ते म्हणाले. "मल्टिग्रेड थंडीत असं अडत नाय. हे कुणी भरलं?"

बागायतदार गर्रकन ड्रायव्हरकडे वळला. "बादली काल तुझ्या खोलीत होती ना? काढून घेतलंस का रे चांगलं तेल?"

"शेठ, शप्पथ, मी झाकण उघडलं पण नाय," ड्रायव्हर म्हणाला. बागायतदार म्हणाला, "मागं डिझेल कमी भरलं तेव्हा मी गप्प बसलो, पण आता तू उद्यापासून येऊ नकोस." ड्रायव्हरच्या बायकोनं ताट खाली जमिनीवर ठेवलं आणि पदर तोंडाला लावला.

मी गप्प होते. मी तिथं उभी होते, सगळं मला माहीत होतं आणि मी गप्प होते. अण्णांसमोर तोंड कसं उघडू, एवढंच डोक्यात होतं.

अण्णाच बोलले. "त्याला बोलू नका. बादली आमच्या दुकानातून आली. दुकान माझ्या लेकीचं, म्हणजे माझंच. काही भेसळ असेल तर ती आमची हाय. दोष मला द्या, ह्याची भाकरी काढू नका."

तेव्हा कुठं माझ्या तोंडातून शब्द फुटला. मी सांगितलं, बादलीतलं तेल मी बदललं. अण्णांनी सांगितलेलं तेल या इंजिनला चालत नाही, म्हणून चाळीस नंबर भरलं आणि झाकण लावून टाकलं. सगळे माझ्याकडे बघत होते. मी जमिनीकडे बघत होते.

मला वाटलं आता अण्णा भडकणार. ते म्हणाले, "का चालत नाय?"

मी सांगितलं. भोकं, राख, पातळ पडणं, सगळं. ते मान तिरकी करून ऐकत होते, मध्ये एकदा विचारलं, "म्हंजे तेल जळतंच?" मी हो म्हणाले. मग ते बागायतदाराकडे वळून म्हणाले, "मला नव्हतं माहीत. हे इंजिन मी कधी उघडलं नाय. उगीच छातीठोक बोललो." इतक्या सहज बोलले, जसं काही कोणी त्यांना वेळ विचारली होती. ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी नरसाळं नीट धरायला सांगितलं आणि उरलेलं तेल ओतलं. बागायतदारानं ड्रायव्हरला जवळ घेतलं, चूक झाली म्हणाला. इंजिन पहिल्या किल्लीला सुरू झालं. लोक पुन्हा अण्णांच्याच पाया पडायला लागले.

परत येताना गाडीत अण्णा खिडकीतून बागा बघत होते. मला ते सहन होईना. मीच म्हणाले, "तुमचा मान राहावा म्हणून केलं, अण्णा."

"'अण्णा, तुम्ही चुकताय' एवढं म्हणली असतीस तर मी काय मोडून पडलो असतो का?" ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. "लहान लेकराला गुळात गोळी दडवून देतात, बाई. त्याला मान म्हणतात का?"

नाशिकच्या वेशीवरचं म्हसरूळ आलं तरी मला त्यांच्याकडे बघता आलं नाही.