डिझेलच्या बोळ्यानं पुसलेला कॅमेरा

"यात काय दिसतंय मॅडम? धुकं," देशमुख साहेब स्क्रीनकडे बघत म्हणाले. ते कारखान्याचे मेंटेनन्स मॅनेजर. वाळूजच्या त्या बॉयलर हाउसमध्ये आम्ही सहा जण उभे होतो आणि स्क्रीनवर खरोखरच पिवळट धुक्याशिवाय काही नव्हतं.

बॉयलरची एक नळी फुटली होती. ठपका आला होता बॉयलर चालवणाऱ्या रफीकभाईंवर. पाण्याची पातळी खाली जाऊ दिली, असा आरोप. तो टिकला असता तर नोकरी गेली असतीच, वर लायसन्सवरही गंडांतर होतं. दौलताबादहून रोज येणारा हा पन्नाशीचा माणूस दुसरं कुठलंच काम शिकलेला नव्हता.

त्यांचं म्हणणं वेगळं होतं. बोअरचं पाणी क्षाराचं. तो क्षार काढायला सॉफ्टनर नावाची टाकी असते आणि तिला वेळोवेळी मिठाचं पाणी द्यावं लागतं. "मीठच नाय तर मी काय टाकू? मागून मागून थकलो," ते मला म्हणाले होते. मीठ नसलं की क्षार नळ्यांवर थर धरतो. त्याला आम्ही स्केल म्हणतो. स्केलखाली नळी जास्त तापते, फुगते, फुटते.

पाणी खरंच कमी पडलं असेल तर वरच्या ओळीतल्याच नळ्या भाजलेल्या दिसणार. पण अगदी खालच्या, कायम पाण्यात बुडालेल्या नळ्यांवर जाड थर असेल तर रफीकभाई खरे. तिथं डोळा पोचत नाही, म्हणून आमच्या तपासणी एजन्सीनं मला पाठवलं होतं. करंगळीहून बारीक, लांबलचक केबल आणि तिच्या टोकाला डाळीएवढी लेन्स. कामगाराला दोषी ठरवायला एक मेमो पुरतो. मॅनेजमेंटची चूक दाखवायला एवढं सगळं लागतं.

सकाळी साहेबांना घाई होती. "कॅमेराच तर घालायचाय, माणूस थोडाच आत जातोय?"

"जिथं हात टेकवता येत नाही तिथं मी कॅमेरा घालत नाही," मी म्हटलं. बॉयलर थंड होईपर्यंत थांबले. पाण्याच्या आणि वाफेच्या व्हॉल्व्हला माझी कुलपं लावली. काम चालू असताना कुणी व्हॉल्व्ह उघडू नये म्हणून चाव्या कुलूपवाल्याच्याच खिशात राहतात. मग परमिटवर सही घ्यायला ऑफिसात गेले. कॅमेरा टेबलावर तसाच ठेवून. परत येऊन आत घातला. स्क्रीन धूसर दिसली तेव्हा वाटलं, राहिलेली वाफ असेल. अर्धा तास तसंच रेकॉर्डिंग करत बसले.

आता केबल बाहेर काढली आणि टोक नाकाशी नेलं. डिझेलचा वास.

"कुणी हात लावला याला?"

"मी पुसून ठेवला मॅडम," रफीकभाई पुढे आले. हातात डिझेलमध्ये भिजवलेला वेस्टचा, म्हणजे मशीन पुसायच्या सुताच्या गुंत्याचा बोळा होता. "धूळ बसली होती. हत्यार दुसऱ्याचं असलं तर पुसूनच ठेवावं, आमच्या उस्तादनं शिकवलंय."

पाना असता तर ठीक होतं. लेन्सवर डिझेलचा पातळ पापुद्रा बसला की उजेड फाकतो आणि सगळं धुरकट होतं. मी भडकले. "तुमच्यावरच आरोप आहे आणि तुम्हीच कॅमेऱ्याला हात लावता? अक्कल आहे का?"

हे मी सगळ्यांसमोर बोलले. पाचोडच्या बाजारात कामगार हक्काची पत्रकं वाटणाऱ्या बापाची लेक.

रफीकभाई बोळा घेऊन मागे सरकले. साहेब मात्र लगेच म्हणाले, "मॅडम, हेच रिपोर्टमध्ये लिहा. ऑपरेटरनं कॅमेऱ्याशी छेडछाड केली. आणि तुमची कुलपं काढा, चारला बॉयलरची झाकणं लावून पाणी भरायचंय."

"कुलपं माझं काम झाल्यावर निघतील."

"मग तुम्ही एकट्याच करा. माझी माणसं जेवायला चालली."

सगळे गेले. या कामाला दोन माणसं लागतात, एक केबल सरकवायला आणि एक स्क्रीन बघायला. रफीकभाई दाराबाहेर पायरीवर पाठमोरे बसले होते. आरोप त्यांच्यावरच असल्यानं त्यांना मदतीला बोलावता येत नव्हतं, आणि बोलवायला मला तोंडही नव्हतं.

लेन्स स्पिरिटनं आणि लेन्सच्या कागदानं पुसली. आधी माझ्या आयकार्डावरची बारीक अक्षरं रेकॉर्ड केली, म्हणजे लेन्स स्वच्छ असल्याचा पुरावा राहावा. मग वीतभर केबल सरकवायची, उठायचं, स्क्रीन बघायची, परत गुडघ्यावर बसायचं. बॉयलर हाउस इतकं शांत होतं की केबल पत्र्याला घासल्याचा आवाज येत होता. दोन तास हेच चाललं.

तळाच्या नळ्या दिसल्या. म्हणजे नळ्या दिसल्याच नाहीत, दिसला तो पांढरा दगडासारखा थर. दोन नळ्यांमधली फटसुद्धा बुजली होती. शेवटी टोक सरळ केलं, कारण वाकडं टोक ओढलं तर कॅमेरा तुटून आत राहतो, आणि केबल हळूहळू बाहेर घेतली.

रिपोर्टमध्ये स्केल लिहिलं, मीठ लिहिलं. पहिलं रेकॉर्डिंग का वाया गेलं तेही लिहिलं: कॅमेरा मी उघडा सोडून गेले, ऑपरेटरनं तो चांगल्या हेतूनं पुसला, चूक माझी.

रफीकभाईंवरचा मेमो मागे घेतला गेला. मला एजन्सीनं वॉर्निंग लेटर दिलं. पुढच्या खेपेला कारखान्यानं दुसरा माणूस मागितला.

मी रफीकभाईंना फोन केला. "मॅडम, तुमचे उपकार हायत," ते अदबीनं म्हणाले. मी त्या दिवसाबद्दल माफी मागितली. "जाऊ द्या," ते म्हणाले, आणि फोन ठेवला.

आता कुठल्याही कारखान्यात गेले की पेटी उघडून आधी तिथल्या माणसांना कॅमेरा हातात देते. लेन्स कुठली, ती कशानं पुसायची, कशानं नाही, ते सांगते. पाच मिनिटं लागतात. वाळूजला ती पाच मिनिटं मी वाचवली होती.