तीन सारखे बेडूक

तीन सारख्या वस्तू दिसल्या की जुळवून उडवायच्या, ही सवय तुमच्या बोटाला कोणी लावली? माझ्या आईच्या बोटाला ती मोबाइलवरच्या एका फुकट खेळाने लावली. तीन गोळ्या जुळल्या की फुटतात, खेळ शाबासकी देतो, आणि जीव संपले की ताटकळत ठेवतो.

अकोल्याला, जठारपेठेत राहणारा मामा या खेळाला हसायचा. तो आपल्या फोनवरच्या दुसऱ्या एका खेळात मॉन्स्टर पकडायचा, एकेकाला वाढवायचा. त्यातला एक हिरवा बेडूक मामीने पकडला होता, अमरावतीच्या दवाखान्यात, खाटेवरून. तिने त्याचं नाव ठेवलं जावई. "पोरगी नाही आपल्याले, जावई तरी असू द्या. नुसता बसून खाते." मामी त्या खाटेवरून उठली नाही.

या उन्हाळ्यात आम्ही मामाकडे गेलो. दुपारी आईच्या खेळातले जीव संपले.

"दे रे तुया फोन. माये जीव संपले."

"तुये तं कधीचेच संपले, बाई." मामाने फोन दिला आणि चहा ठेवायला आत गेला.

आईने त्याची मॉन्स्टरची पेटी उघडली. तीन हिरवे बेडूक, एका ओळीत. नाव बेडकावर बोट ठेवल्यावरच दिसायचं. तिने ठेवलं नाही. खाली 'एकत्र करा' होतं, ते दाबलं. ढोल वाजले. तिघांचा मिळून एक लठ्ठ, सोनेरी बेडूक झाला.

मामा कप घेऊन आला. "काय केलं वं हे?"

"तीन सारखे होते, जोडले. केवढा झाला पाह्य!"

"सारखे?" मामाने कप खाली ठेवला. "मंग तुही भावजय बी साऱ्या बायायसारखीच होती."

तेवढ्यात आईचा फोन वाजला, जीव भरले होते. ती त्याच्यासमोरच गोळ्या जुळवत बसली. मामा बेडूक परत आणायचं बटण शोधत राहिला. ते नव्हतंच. नवे बेडूक विकणारं दुकान मात्र होतं.

आईला मी दोष देत नाही, असं लिहिलं तर खोटं होईल. देतो. पण तिचा खेळ सगळं सारखंच आहे एवढंच शिकवतो. मामाचा खेळ आधी सांगतो, हे एक फक्त तुझं. आणि त्याच्याच खाली ते मोडायचं बटण ठेवतो. मला तो जास्त नीच वाटतो.

तुमच्या घरी कोणी असे मॉन्स्टर सांभाळत असेल तर आज त्याला हसू नका. शेजारी बसा, एकेक उघडून दाखवायला सांगा, आणि कोणता कोणी पकडला ते विचारून घ्या.