डाव्या कानाची फळी

समुद्राला आव्हान देणारी माणसं इतिहासात मोजकीच झाली, आणि आमचे साडू त्यांपैकी एक. त्यांचा समुद्र रोह्याच्या खाडीतच संपत असे, एवढंच. साडूंच्या धाटावच्या कंपनीतला परदेशी साहेब मायदेशी परतताना आपली शिडाची फळी मागे टाकून गेला. तिच्यावर उभं राहून शीड हातांनी धरायचं आणि वाऱ्यावर पाणी कापत जायचं. हा प्रकार साडूंनी नुकत्याच आलेल्या केबलवर पाहिला होता. त्यांनी फळी घरी आणून ओटीवर आडवी घातली, आणि तेव्हापासून पाहुण्यांना तिला ओलांडूनच पाण्याचा तांब्या घ्यावा लागे. नाक्यावर चहासुद्धा साडू वाऱ्याकडे तोंड करून पीत. मी पेणहून फोन केला, की खुशालीच्या आधी प्रश्न येई, "काय पेणकर, वारा कुठला?"

अशा फळीच्या पोटाखाली माशाच्या परासारखं पातं असतं. त्याला फिन म्हणतात. ते नसेल तर फळी दिशा धरत नाही, आणि साहेबाचं फिन मोडलेलं होतं. "होळीच्या आत पलीकडच्या काठाला जाऊन दाखवा," साडूंच्या पत्नीने, म्हणजे माझ्या मेव्हणीने, बजावलं, "नायतर हिला होळीत घालते. धुणं वाळवायला जागा नाय घरात!" बाई बोलेल ते करणारी होती. साडूंचं जेवण कमी झालं.

साच्यातून हवा तो आकार काढून देणारे लोक पेणच्या गणपतीच्या कारखान्यांत भेटतात, म्हणून साडू माझ्याकडे आले. कागदावर काढलेलं फिन मूर्तिकाराने क्षणभर न्याहाळलं.

"काका, डावा का उजवा?"

अज्ञान कबूल करण्याची साडूंना सवय नव्हती. "डावा," ते ठामपणे म्हणाले.

चार दिवसांनी फायबरचा सुबक डावा कान हाती आला, कडेला किंचित बाहेर वळलेला. "शर्यतीचं फिन असंच असतं," साडूंनी मला समजावलं, आणि त्याला हळदकुंकू लावून ते खाचेत बसवलं. मग शिफ्ट सुटली की खाडीवर जाऊन स्क्रू ढिला करायचा, फिन बोटभर पुढे, बोटभर मागे सरकवायचं, कानशीने घासायचं, पुन्हा आवळायचं. फळी मात्र डावीकडे वळत वळत त्यांना निघाल्या जागी आणून सोडी.

"काका, परदक्षिणा झाली, आता नारल फोडा!" काठावरचे कोळी ओरडत.

"सेटिंग चाललंय!" साडू पाण्यातून गरजत.

होळीच्या दुपारी पश्चिमेचा वारा जोरात सुटला. मेव्हणी पदर खोचून काठावर उभी, शेजारी माझी बायको आणि मी. साडू निघाले. वारा फळीला उजवीकडे ढकलत होता, कान तिला डावीकडे ओढत होता, आणि दोघांच्या भांडणात फळी चक्क सरळ चालली. कुठल्याही संस्थेचा कारभार बहुधा असाच चालतो.

"गेले बघ गो!" मेव्हणीने बहिणीचा दंड धरला. "पडतील का गो?"

पडले नाहीत. पलीकडच्या काठावर एवढासा दिसणारा माणूस दोन्ही हात हलवत होता, हलवतच राहिला. मेव्हणीने डोळ्यांना पदर लावला. "राहू दे ती फळी. धुणं मी परसात घालीन."

पुढे मी बरीच माणसं बऱ्याच ठिकाणी पोहोचलेली पाहिली, पण पोहोचल्याचा एवढा आनंद कुणाला झालेला पाहिला नाही.

परतीच्या दिशेला वारा आणि कान एकाच बाजूचे झाले. साडू एसटीने आले.