उजवीकडची जागा

देसाईकाकांची जुनी अमेरिकन गाडी माझे बाबा दुरुस्त करतात. काल चालवून बघताना काका मला म्हणाले, “बस शेजारी, प्रोफेसर.” आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला, म्हणून ही चेष्टा.

गाडीचं स्टिअरिंग डावीकडे आहे. पुढच्या वाहनाला ओलांडताना समोरचा रस्ता उजवीकडे बसलेल्यालाच दिसतो. तिथे काकू बसायच्या. “जा आता, म्हातारी झाले इथे,” म्हणायच्या. त्या गेल्या वर्षी वारल्या.

पुढे उसाचा ट्रॅक्टर रखडत होता. मी चाचरत म्हणालो, “काका, जा आता.”

काकांनी माझ्याकडे पाहिलं आणि वेग आणखी कमी केला.

गाडीची हौस एकट्याची असते, असं मला वाटायचं. एवढं ताकदवान इंजिन गावापर्यंत ट्रॅक्टरमागे गुरगुरत राहिलं. ट्रॅक्टरच्या पुढे रस्ता तर मोकळाच होता.