तारेनं बांधलेली बंदूक

किसन गेल्याचा निरोप आला तवा मी लेण्याच्या रस्त्यावर मपल्या टपरीत चहा गाळू लागलो व्हतो. त्याचा पोरगा सुभाष फटफटीवर आला, खाली उतरलाबी नाय. "काका, बापू गेले. सकाळीच." मी गाळणं तसंच धरून उभा. चहा सगळा पायावर सांडला, गिऱ्हाइकानं हात धरला तवा कळालं. मला लिहिता येत नाय, सून लिहू लागलीय. मधीच म्हणती, मामा, असलं कुणी छापतं का… म्हणलं, छापू दे. मी कसा माणूस हाय ते कळू दे लोकायला.

कारण किसन दोन महिने हातरुणावर व्हता आन मी गेलो नाय. त्यानं दोनदा निरोप धाडला. दुसऱ्या बारीला मी टपरीवर सगळ्यायच्या देखत म्हणलो, "कामून बोलवतो? दुसरा गाल राहिलाय म्हणून?" लोक हसले. लोकायला हसवणं तेवढं मला येतं, बाकी जिंदगीत काय जमलं नाय.

त्या गालाचं असं झालं. किसनच्या घरात एक जुनी इंग्रजी बंदूक व्हती. फौजेतली, लई वजनदार, एका टायमाला एकच काडतूस घ्यायची. चापाखाली लांब दांडा, तो ओढला की ती मागून उघडायची. त्याचा बाप जहागीरदाराच्या कोठीवर पहारा करायचा, तिथली. निजामावर पोलिस ॲक्शन झाल्यावर हत्यारं जमा करायचा हुकूम निघाला, तवा किसननं ती कडब्यात दडवली. दोन-चार सालानं भितीला टांगली. दांडा मात्र जाड तारेनं करकचून बांधलेला. कुणी इचारलं की म्हणायचा, "मेलीय ती. बापाची याद म्हणून ठुली."

दर खंडेनवमीला इळा, कुऱ्हाड, नांगराचा फाळ, सगळ्यायच्या संगं तिचीबी पूजा. पूजा झाली की माझा तमाशा. नळीपुढं छाती काढून उभा राह्यचो, "मार गोळी किसन्या, हिची तरी सुटका व्हईल मपल्यापासून," आन बायकोकडं बोट करायचो. पोरंसोरं लोळायची. किसन एकटा हसायचा नाय. "नाम्या, बाजूला सर." दर साली तेवढंच. मला वाटायचं, ह्याला कशातच मजा नाय. मागल्या खंडेनवमीला मी जास्तीच रंगात आलो. पोरायला म्हणलं, थांबा, म्हातारीचा जबडा उघडून दावतो. आन तार सोडू लागलो. एक पीळ सुटला आसंल, तेवढ्यात किसननं मला असी थापड हाणली की टोपी तुळशीपशी जाऊन पडली. सगळी भावकी बघत व्हती, सुना बघत व्हत्या. पंचाहत्तरीला आलेला माणूस मी. घरी आलो ते परत त्या दारात पाय ठुला नाय… ठुला तो मैतीलाच.

तेरावा झाल्यावर सुभाषनं ठाण्यात जाऊन बंदुकीचं सांगितलं. कागद नाय, पत्र नाय, उगं भानगड नको म्हणला. एक हवालदार आला आन त्याच्यासंगं बंदुकीचा म्हातारा मिस्त्री. आम्ही चार-पाच जण वट्यावर. मी तिथंबी गप बसलो नाय. "मिस्त्री, जपून. उंदराचं बाळंतपण झालं आसंल आत." मिस्त्रीनं तार तोडली, तेल सोडलं, दांडा हळूहळू खाली दाबला. आत बघितलं आन थांबला.

"सगळे मागं सरका."

काडतूस व्हतं आत. चिकटून बसलेलं. त्यानं कसं काढलं ते मला सांगता येणार नाय, मी भितीला टेकलो व्हतो. पितळ हिरवं पडलेलं, पर भरलेलं. त्यानं ते उलटं करून बुडाची टोपी दावली. मधोमध एक खोच. "चाप ओढला व्हता हिचा," मिस्त्री म्हणला. "बार झाला नाय, बस. ह्यो दांडा नुसता खाली-वर केला असता तर घोडा परत चढला असता. मंग चापाला बोट लागलं असतं तर काय सांगावं."

माझी नळीपुढची छाती मला आठवली. तवर आतून वैनी आल्या, किसनची बायको. जमिनीकडं बघून म्हणल्या, "भाऊजी, तो चाप तुमच्यावरच ओढलेला."

तवा पोलिस ॲक्शन होऊन आठ-दहा रोज झाल्ते. लोक नुसत्या पाचोळ्याला भ्यायचे. किसन बापाची बंदूक घेऊन बाजरीत माळ्यावर राखणीला. मला नाल्यात एक खाकी कोट घावला, पळालेल्या कुण्या शिपायानं टाकलेला. मी तो घातला, बाजरीत शिरलो आन वरडलो, "हाथ ऊपर!" वर काहीतरी खट्ट वाजलं. मला वाटलं माळ्याचा बांबू मोडला. मंग कोट काढून हसत हसत बाहीर आलो तर किसन पांढराफटक. हा किस्सा मी चाळीस-पंचेचाळीस साल सांगत आलो. लग्नात सांगितला, मैतीत सांगितला. त्याच्या म्होरं सांगितला.

"मी लई म्हणायची, विहिरीत टाका ती," वैनी म्हणल्या. "तर म्हणायचे, टाकली तर मी इसरून जाईन. मिस्त्रीला दावावी तर ठाण्यात खबर जाईल. शेवटाला तुम्हाला सांगायचं व्हतं त्यायला. म्हणून बोलवलं दोनदा."

मी वट्यावरची तुटलेली तार गोळा करू लागलो. 

आता मी रोज तिसऱ्या पहारी वैनीकडं जाऊन बसतो. भितीला मोकळा खिळा हाय, खाली बंदुकीएवढी जागा चुन्याची पांढरी राहिलीय. वैनी म्हणतात, भाऊजी, आत या, चटईवर बसा. मी उंबऱ्यालगतच बसतो. किसन मला कायम तिथंच बसवायचा, पाव्हणे चटईवर आन मी दारात. मी लोकायला सांगायचो, माझ्या पायाला चिखल असतो म्हणून… परवा तिथं बसल्या बसल्या खिळ्याकडं आन त्या पांढऱ्या जागेकडं बघितलं. टांगलेल्या बंदुकीची नळी चटईकडं बी नव्हती आन दाराकडं बी. कोऱ्या भितीकडं व्हती. उंबरा तिच्या पार पाठीमागं. अख्ख्या घरात तिच्यापासून सगळ्यात लांबची जागा तीच.